टॉर्चच्या नळीतली वाफ

'मॉड' हा ई-सिगारेटवाल्यांचा शब्द म्हणजे मॉडिफिकेशनचं शेपूट तोडून उरलेलं डोकं. २००३ मध्ये होन लिक या चिनी फार्मासिस्टने आजच्या ई-सिगारेटची पूर्वज बनवली. (अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टने १९६३ मध्येच तशा कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, पण माल बाजारात आलाच नाही.) सुरुवातीच्या ई-सिगारेटी दिसायला हुबेहूब सिगारेट, त्यामुळे बॅटरीही तेवढीच बारीक. सारखी संपायची!

मग २००८ मध्ये ब्रिटनमधल्या टेड आणि मॅट रॉजर्स यांनी टॉर्चचे भाग वापरून मोठ्या बॅटरीचा मॉड बनवला, नाव 'स्क्रूड्रायव्हर'. पाठोपाठ कित्येक जण घरी ड्रिल, कानस, सोल्डरिंग गन घेऊन बसले.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते नळीला पाडलेलं भोक. मेकॅनिकल मॉडमध्ये सर्किटच नसतं. बटण दाबलं की बॅटरी थेट कॉइलला. शाळेतला ओहमचा नियम आठवा: ४.२ व्होल्ट, ०.२ ओहम, म्हणजे २१ अँपिअर! बॅटरीला झेपलं नाही तर ती तापते, वायू सोडते, आणि बंद नळीचा बॉम्ब होतो. म्हणून वायूला वाट ठेवायची. आमच्या भाषेत, एरर हँडलिंग डिलीट करायचं आणि खिडकी उघडी ठेवायची.

मे २०१८ मध्ये फ्लोरिडात मेकॅनिकल मॉड फुटून ३८ वर्षांचा एक माणूस गेला. तुकडे थेट कवटीत घुसले होते. तो मॉड घरचा नव्हता, कंपनीचा होता. सर्किट मात्र त्यातही नव्हतंच.