पद्मिनी पासिंगमध्ये नापास झाली नाही, तिचं वय भरलं

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती भरली, विषय संपला. त्या आठवड्यात पेपरांत फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या, निदान एक तरी पद्मिनी जतन करा अशी मागणी टॅक्सी युनियननेही केली. ते सगळं योग्यच होतं. पण त्या निरोपसमारंभात एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. ही गाडी रस्त्यावर चालवायला लायक नव्हती म्हणून गेली का?

उत्तर आहे, नाही. तिला कॅलेंडरने घालवलं. आणि गंमत बघा, त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, तेच इंजिन आणि तोच पत्रा असलेली खासगी पद्मिनी आजही मुंबईत कायदेशीरपणे फिरू शकते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण केलं, ग्रीन टॅक्स भरला की झालं. गाडी तीच, फक्त नंबरप्लेटचा रंग वेगळा आणि नियम वेगळा. हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकन गाड्यांची जुळणी व्हायची. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1950 च्या दशकात फियाटच्या छोट्या गाड्या इथे बनू लागल्या. 1964 मध्ये फियाट 1100 डी आली. हीच आपली पद्मिनी. 1973 मध्ये तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि पुढच्याच वर्षी 'प्रीमियर पद्मिनी', चित्तोडच्या राणीवरून. नाव बदललं तरी गाडी जवळपास तीच राहिली. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. फियाटने ही गाडी इटलीत 1962 मध्ये बाजारात आणली होती. आपण ती 2000 सालाच्या आसपासपर्यंत बनवत होतो.

इतकी वर्षं तीच गाडी का? कारण ग्राहकाला दुसरा पर्यायच नव्हता. परवाना राजमध्ये मोटार बनवायच्या कंपन्या मोजून तीन: अँबेसेडरवाले, फियाटवाले आणि स्टँडर्डवाले. 1959 पासून मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण होतं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. गिऱ्हाईक रांगेत उभं असताना दर्जा कोण सुधारणार? तक्रारी इतक्या वाढल्या की 1967 मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमली. किमतींचा वाद तर पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्यामुळे 'जुनी गाडी म्हणजे लोखंड, आताच्या गाड्या म्हणजे डबे' असं आज जे म्हणतात, त्यांनी हेही लक्षात ठेवावं की त्या काळात याच गाडीच्या दर्जावरून लोक वैतागलेले होते.

मग मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला चाळीस वर्षं डोक्यावर का घेतलं? 1990 च्या दशकात शहरात साठ हजारांच्या आसपास टॅक्स्या होत्या आणि त्यात बहुतेक पद्मिनीच. ती बंद पडत नव्हती असं मुळीच नाही. उन्हाळ्यात चढावर तापायची, पावसात डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की गप्प बसायची, पॉइंट साफ करावे लागायचे, कार्बोरेटर कचरा धरायचा, गिअरची लिंक ढिली व्हायची. पण यातलं जवळपास प्रत्येक दुखणं रस्त्याच्या कडेला, पाना-पकड आणि पॉलिश पेपर यांच्या जोरावर बरं व्हायचं. सुटे भाग कुर्ल्यात, ग्रँट रोडच्या बाजूला, कुठल्याही नाक्यावर मिळायचे. तिचा भरवसा तिच्या दुरुस्तीत होता. बिघडली तरी संध्याकाळच्या धंद्याला परत उभी राहील, एवढी खात्री टॅक्सीवाल्याला पुरायची.

मात्र एक दुखणं रस्त्याच्या कडेला बरं होत नसे, ते म्हणजे गंज. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात फ्लोअरचा पत्रा सडला, दाराखालची पट्टी खाल्ली गेली, तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न उरत नाही. गाडीची हाडंच ठिसूळ होतात. वरून पॅच मारला, पुट्टी लावली, काळा-पिवळा रंग मारला की बाहेरून नवी कोरी. आत काय चाललंय ते कळायला गाडी उचलून खालून बघावी लागते.

आणि इथेच पासिंगचा प्रश्न येतो.

कायदा तसा जुना आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यापासून टॅक्सी, बस, ट्रक अशा भाड्याच्या वाहनांना फिटनेस सर्टिफिकेट सक्तीचं आहे. 1988 च्या कायद्यात ते कलम 56. नव्या वाहनाला पहिली दोन वर्षं, मग दरवर्षी पासिंग, असा नियम अनेक वर्षं होता. 2018 मध्ये तो थोडा सैल झाला: आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. खासगी मोटारीला मात्र पहिली पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. म्हणजे कागदावर बघितलं तर वीस वर्षांची टॅक्सी पद्मिनी जवळपास दरवर्षी, म्हणजे सतराअठरा वेळा तपासली गेलेली असायला हवी आणि वीस वर्षांची खासगी पद्मिनी एकदा. तरीही बाद कोण झाली? जी जास्त वेळा तपासली गेली ती.

कारण सरकारचाच त्या तपासणीवर विश्वास नव्हता. पासिंगच्या दिवशी काय चालायचं हे टॅक्सी, रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्या कुठल्याही घराला विचारा. पासिंगपुरते बरे टायर लावायचे, दिवे चालू करून घ्यायचे, रंग मारायचा, एजंटला गाठायचं. निरीक्षक एक, गाड्यांची रांग लांबच लांब. एका गाडीला किती मिनिटं येणार? त्यात ब्रेक कसे बघणार, खालचा पत्रा कधी ठोकून बघणार?

हे मी मनचं बोलत नाही. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याच प्रश्नावर मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली होती. प्रश्न अगदी साधा होता. वाहन वेगात चालवून ब्रेक दाबून बघायचा तर त्याला 250 मीटरचा ट्रॅक लागतो. राज्यातल्या कित्येक आरटीओंकडे तो नव्हताच. मग फिटनेस कशाच्या आधारावर देत होता? 2016 मध्ये कोर्टाने ट्रॅक उभारायचे आदेश दिले. पुढे ट्रॅक नसलेल्या ठिकाणचं पासिंग थांबवायची वेळ आली आणि नीट तपासणी न करता सर्टिफिकेट दिल्याबद्दल निरीक्षकांवर निलंबनाची कारवाईही झाली. म्हणजे पद्मिनीचा सगळा सुवर्णकाळ होऊन गेला आणि त्यानंतर आपण विचारायला लागलो की ब्रेकची परीक्षा नेमकी कुठे होते?

तपासणी भरवशाची नसली की सरकारकडे सोपा उपाय उरतो, तो म्हणजे वय मोजणं. वयाला निरीक्षक लागत नाही, ट्रॅक लागत नाही, एजंटला त्यात फिरवाफिरवी करायला जागा कमी. 1990 च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या धुराविरुद्ध हायकोर्टात याचिका झाली, व्ही. एम. लाल समिती बसली, जुन्या टॅक्स्यांना सीएनजीची सक्ती आली. 2008 मध्ये टॅक्सीला 25 वर्षांची मर्यादा लागली, 2013 मध्ये ती 20 वर आली. त्या हिशोबात इंजिन नुकतंच बांधून घेतलेली, पत्रा नवा घातलेली गाडी आणि फ्लोअरमधून रस्ता दिसणारी गाडी, दोन्ही सारख्याच.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे नुसतं पद्मिनीप्रेम होईल. वयाच्या मर्यादेत तथ्य आहे. फिटनेस तपासणी फार तर एवढंच सांगते की गाडी मूळ बनावटीइतकी ठीक आहे की नाही. पद्मिनीची मूळ बनावट साठच्या दशकातली. एअरबॅग नाही, एबीएस नाही, धडक बसली तर माणूस वाचावा असा आजच्यासारखा विचार त्या बॉडीत नाही. कार्बोरेटरचं इंजिन कितीही ट्यून केलं तरी आजच्या इंजिनाइतकं स्वच्छ जळणार नाही. शंभर टक्के पास झालेली पद्मिनीसुद्धा आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षा कमी सुरक्षित आणि जास्त धूर सोडणारी. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीसाठी कधीतरी थांबा हवा, हे मान्य.

पण मग तोच न्याय सहा वर्षांच्या टेम्पोला कोण लावणार? वयाच्या नियमाचा खरा तोटा इथे आहे. वीस वर्षं पूर्ण झालेली गाडी तो बाद करतो, पण सहाव्या वर्षीच ब्रेक गेलेली गाडी त्याच्या जाळ्यात येतच नाही. तिला पकडायची जबाबदारी पासिंगचीच. आणि पासिंग कच्चं असेल तर शाळेची व्हॅन, ऊस वाहणारा ट्रक, घाटातली खासगी बस, सगळ्यांच्या काचेवर फिटनेस चालू आणि प्रत्यक्षात रामभरोसे.

ब्रिटनने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे 1960 मध्ये खासगी मोटारींनाही सक्तीची तपासणी आली, तिला एमओटी म्हणतात. सुरुवातीला फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्या, आणि बघायचं काय तर ब्रेक, दिवे, स्टिअरिंग. इतक्या गाड्या नापास झाल्या की मर्यादा लगेच सात वर्षांवर आणली आणि 1967 मध्ये तीन वर्षांवर. आज तिथे कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की ती कधी पास झाली, कधी नापास झाली, कशामुळे झाली, तेव्हा किती मैल चालली होती, हे कुणीही घरबसल्या बघू शकतं. जर्मनीत तर कुठल्या मॉडेलमध्ये किती वर्षांनी किती दोष सापडतात याचा अहवाल दरवर्षी छापून येतो. जुनी गाडी घेणारा माणूस तो वाचून सौदा करतो. तिथल्या छोट्या जुन्या गाड्या, मिनी म्हणा, बीटल म्हणा, किती भरवशाच्या यावर गप्पा मारताना लोकांच्या हातात आकडे असतात. आपल्याकडे लाखो पासिंग झाली, पण त्यातून पद्मिनीचे ब्रेक कितव्या वर्षी दगा देतात, पत्रा कधी सडतो, याचं ज्ञान गॅरेजवाल्यांच्या डोक्यातच राहिलं.

2021 मध्ये आपल्याकडे स्क्रॅपिंगचं धोरण आलं. त्यात यंत्राने तपासणी करणारी केंद्रं उभारायची आहेत. सक्तीच्या तारखा पुढे सरकत गेल्या, पण दिशा बरोबर आहे. ब्रेक यंत्रावर मोजला की निरीक्षकाच्या मर्जीचा प्रश्न कमी होतो. फक्त एक गोष्ट त्यात आपण मागून घेतली पाहिजे: निकाल लोकांसमोर हवा. आज एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकला तर फिटनेस कोणत्या तारखेपर्यंत आहे एवढंच कळतं. मागच्या वेळी ती कशात नापास झाली होती, ब्रेक किती टक्के लागले, हे कळत नाही. आपलं पोर ज्या व्हॅनमधून शाळेत जातं, तिच्याबद्दल एवढं विचारायचा हक्क आपल्याला नाही का?

आपल्या शाळेच्या पालकसभेत, सोसायटीत, ग्रामसभेत हा विषय काढा. व्हॅनवाल्याशी भांडायची गरज नाही, त्याच्याकडे फक्त फिटनेसचा कागद मागा. आणि मागच्या पासिंगला गाडी ट्रॅकवर किंवा यंत्रावर चालवून बघितली होती का, तेवढं विचारा.