धुणें धुणाऱ्या यंत्राची निगा

इ. स. २०१२ च्या एप्रिलपासून २०१३ च्या मे महिन्यापर्यंत जर्मनींतील एका बालरुग्णालयांत वैद्यांना एक कोडें पडलें होतें. नवजात अर्भकांच्या विभागांतील नेहमींच्या तपासणींत, अनेक औषधांना दाद न देणारे एका जातीचे जंतू पुनःपुन्हां आढळूं लागले. क्लेब्सिएला ऑक्सिटोका हें त्यांचें शास्त्रीय नांव. तेरा अर्भकें व एक मोठें मूल ह्यांच्या अंगावर ते सांपडले. सुदैवानें त्यांपैकीं कोणासही त्यांच्यापासून घातक रोग जडला नाहीं. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बालकांना असले जंतू केव्हां प्राणसंकट आणतील ह्याचा नेम नसतो. उबेच्या पेट्या तपासल्या, सेवकवर्ग तपासला, स्वच्छतेचे नियम अधिक कडक केले. तरी मूळ सांपडेना. अखेरीस तें सांपडलें तें अशा ठिकाणीं, कीं जेथें कोणाची दृष्टि सहसा वळत नाहीं. मुलांच्या विणलेल्या टोप्या व पायमोजे ज्या घरगुती बनावटीच्या यंत्रांत धुतले जात, त्या यंत्राच्या साबणाच्या खणांत आणि दाराच्या रबरी कड्यांत तेच जंतू वसती करून राहिले होते. तें यंत्र हलविलें आणि संसर्ग थांबला. बॉन विद्यापीठांतील संशोधकांनीं ही सर्व हकीकत २०१९ सालीं प्रसिद्ध केली.

दिव्याखालीं अंधार ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. जें यंत्र साऱ्या घराचा मळ काढतें, त्याच्याच पोटांत मळ सांचावा हा त्या म्हणीचाच एक नवा दाखला होय. परंतु हा अंधार एका दिवसांत पडलेला नाहीं. धुण्याची कला जसजशी हातांतून यंत्राकडे गेली, तसतशी निगेची रीतही बदलत गेली. आणि ती कशी बदलली हें ध्यानांत घेतल्यावांचून आजची निगा कशी राखावी हें नीट उमजत नाहीं.

यंत्रापूर्वींचा काळ आपल्याकडे परिटाचा काळ होता. नदीचा कांठ, एक सपाट दगड, खार किंवा रिठे आणि मनगटांतील बळ हीं त्याचीं साधनें. फार मळलेले कपडे तो भट्टीला घाली. म्हणजे खाराच्या पाण्यांत भिजविलेले कपडे मोठ्या भांड्यावर रचून त्यांना तासन् तास वाफ देई. नंतर वाहत्या पाण्यांत खळबळून ते उन्हांत वाळत घाली. मुंबईच्या महालक्ष्मी येथील १८९० च्या सुमारास बांधलेल्या धोबीघाटावर हीच रीत दगडी हौदांच्या रांगांतून मांडलेली दिसते. ह्या पद्धतींत कपड्यांचे हाल होत, बटणें तुटत, हें खरें. पण एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मळलेलें पाणी वाहून जाई आणि धुण्याचा दगड रोज उन्हांत कोरडा होई. उष्णता, वाहतें पाणी आणि ऊन ह्या तिघांच्या पहाऱ्यांत धुण्याच्या साधनावर मळ टिकूं शकत नसे. साधनाची वेगळी निगा राखावी लागत नव्हती. ती रीतींतच अंतर्भूत होती.

युरोपांत थंडीमुळें व उन्हाच्या अभावामुळें धुणें हें फारच कष्टाचें काम होतें. तेथें तें घरांत, लाकडी पिंपांत होई. रवीनें ताक घुसळावें त्याप्रमाणें लाकडी दांड्यानें त्या पिंपांतील कपडे ढवळीत. ह्या ढवळण्याला यंत्राचें रूप द्यावें असें अनेकांना वाटलें. जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथील धर्मोपदेशक व सृष्टिशास्त्रज्ञ याकोब क्रिस्टियान शेफर ह्यानें १७६६-६७ च्या सुमारास अशा एका यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. इंग्लंडांत हेन्री सिजिअर ह्यानें १७८२ सालीं फिरत्या पिंजऱ्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. मुठीनें फिरवावयाचा तो पिंजराच आजच्या फिरत्या पिंपाचा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

हीं यंत्रें लाकडी होतीं, आणि लाकडाचा स्वभाव असा कीं तें वाळलें कीं आकसतें. पिंप कोरडें पडलें तर फळ्यांच्या सांध्यांतून पाणी गळूं लागे. म्हणून त्यांत थोडें पाणी ठेवण्याचा प्रघात होता. उलट तेंच पाणी फार दिवस राहिलें तर पिंपाला वास येई व लाकूड कुजे. कोरडें ठेवावें तर गळतें आणि ओलें ठेवावें तर कुजतें, अशा पेंचांतून यंत्राच्या निगेचा इतिहास सुरू झाला.

दुसरा पेंच पाण्याचा. फ्रान्समध्यें निकोला लब्लां ह्यानें १७९१ सालीं साध्या मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. पुढें शेव्ह्रल ह्यानें १८२३ च्या आपल्या ग्रंथांत चरबीची घटना उलगडून दाखविली. त्यामुळें साबण स्वस्त व भरवशाचा होण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, त्या पाण्यांत साबणालाही फेंस येत नाहीं, हा अनुभव आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस आहे. अशा जड पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशीं संयोग पावून त्यांचा न विरघळणारा चिकट साका बनतो, आणि पाणी तापविलें कीं चुन्याचा कांहीं भाग पांढऱ्या थराच्या रूपानें भांड्यास धरतो. ॲबरडीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क ह्यांनीं साबणाच्या द्रावणानें पाण्याचा जडपणा मोजण्याची रीत घालून दिली, आणि १८४१ सालीं चुन्याच्याच निवळीनें चुना काढून टाकण्याची युक्ति पेटंट करून घेतली. कांट्यानें कांटा काढावा तसाच तो प्रकार होता. आजच्या यंत्रांतील पाणी तापविणाऱ्या नळीवर जो थर बसतो, तो हाच.

वीज आली तेव्हां यंत्राचें रूप पालटलें. शिकागो येथील हर्ली कंपनीचें 'थॉर' हें विजेचें यंत्र १९०८ च्या सुमारास बाजारांत आलें, आणि त्याच कंपनीच्या अल्वा फिशर ह्याला १९१० सालीं त्याचें पेटंट मिळालें. त्यालाच विजेवरील पहिलें यंत्र म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी त्याच्या आधींही अशा यंत्रांच्या जाहिराती अमेरिकन वृत्तपत्रांत झळकल्या होत्या. आयोवा संस्थानांतील न्यूटन गांवच्या मेटॅग कंपनीनें १९१९ सालीं ओतीव ॲल्युमिनियमचें पिंप केलें. लाकडाचा गळण्या-कुजण्याचा पेंच धातूनें सोडविला. १९२२ मध्यें त्याच कंपनीनें घुसळणारी रवी पिंपाच्या तळाशीं बसविली. कपडे पिळण्यास दोन रबरी रूळ असत. त्यांत स्त्रियांचीं बोटें व मुलांचे हात सांपडून दुखापती होत. काम संपल्यावर रुळांवरील दाब ढिला करणें, ते पुसून कोरडे करणें, पिंप रिकामें करून उघडें ठेवणें आणि दांत्यांच्या चाकांना तेल देणें ही त्या काळची निगा होय. ती निगा डोळ्यांना दिसे व हातांना कळे. कारण यंत्राचे बहुतेक भाग उघडे होते.

१९३७ सालीं बेंडिक्स कंपनीनें पुढें दार असलेलें स्वयंचलित यंत्र लोकांपुढें मांडलें. पाणी घेणें, धुणें, विसळणें, पिळणें हें सर्व तें आपण होऊन करी. तें इतकें हादरे कीं जमिनीला खिळवून ठेवावें लागे. ह्या यंत्रानें हाताचे श्रम वांचविले. परंतु धुण्याची सर्व क्रिया एका बंद पेटींत गेली. पाणी कोठें अडतें, धागे कोठें गुंततात, साबण कोठें सांचतो हें दिसेनासें झालें.

त्यानंतर पांचच वर्षांनीं निगेचें महत्त्व एका राष्ट्राला सक्तीनें शिकावें लागलें. १९४२ सालीं, महायुद्धाच्या निकडीमुळें, अमेरिकेंतील घरगुती धुलाईयंत्रांचें उत्पादन बंद करण्यांत आलें व ते कारखाने युद्धसामग्रीकडे वळले. नवें यंत्र मिळणें अशक्य झालें, असलेलेंच जपावयाचें. तेव्हां यंत्र कसें पुसावें, तेल कोठें द्यावें, विजेची तार कशी सांभाळावी ह्याचीं माहितीपत्रकें घरोघर पोंचूं लागलीं. वस्तु मिळेनाशी झाली म्हणजेच तिची किंमत कळते, हा मनुष्यस्वभाव तेथेंही प्रत्ययास आला.

युद्धानंतरची गोष्ट अधिक मार्मिक आहे. युरोपांत पांढरे कपडे उकळत्या किंवा जवळजवळ उकळत्या पाण्यांत धुण्याची चाल होती. ड्युसेलडॉर्फच्या हेंकेल कंपनीनें १९०७ मध्यें आणलेली 'पर्सिल' ही भुकटी त्याच उष्णतेंत प्राणवायु सोडून डाग घालवी. अमेरिकेंत १९४६ सालीं 'टाइड' आलें; त्यांतील फॉस्फेटांमुळें जड पाण्याची अडचण पुष्कळ कमी झाली. परंतु फॉस्फेटें सरोवरांत जाऊन शेवाळ माजूं लागलें, तेव्हां १९७० नंतर अनेक ठिकाणीं त्यांवर बंधनें आलीं. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकले आणि पाणी तापविण्याचा खर्च डोळ्यांवर आला. उकळतें पाणी नव्वद अंशांवरून साठांवर, साठांवरून चाळिसांवर, आणि पुढें तीस अंशांवर उतरलें. नव्या पाचक द्रव्यांच्या साह्यानें कपडे तेवढ्यांतही स्वच्छ निघूं लागले. इंधन वांचलें हें चांगलेंच झालें. परंतु पूर्वीं त्याच उकळत्या पाण्यानें कपड्यांबरोबर यंत्रही आंतून शुद्ध होत असे, हें कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. भट्टी गेली, ऊन गेलें, आणि उरली बंद, ओली, कोमट पेटी. साबणाचा अवशेष व कपड्यांचे तंतु हें जंतूंचें अन्न. ओलावा हें त्यांचें घर. त्या दोहोंच्या संगमावर जो बुळबुळीत थर धरतो, त्यांतच जर्मनींतील त्या रुग्णालयाचें कोडें दडलें होतें.

भारतांत १९५९ मध्यें 'सर्फ' आणि १९६९ मध्यें अहमदाबादेंत 'निरमा' ह्या भुकट्या आल्या; पण त्या प्रथम बादलीतच पडत होत्या. घरगुती यंत्रें मध्यम वर्गांत विशेषेंकरून १९८० नंतर शिरलीं, आणि त्यांतही दोन टाक्यांचें अर्धस्वयंचलित यंत्र अधिक रुचलें. कारण नळाला पाणी नसलें तरी बादलीनें तें भरतां येतें. महाराष्ट्रांत पुष्कळ ठिकाणीं विंधनविहिरीचें जड पाणी वापरावें लागतें, आणि पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. म्हणजे लब्लांच्या काळापासूनचा चुन्याचा पेंच आणि आजचा ओलाव्याचा पेंच हे दोन्ही आपल्या घरीं एकत्र नांदतात.

ह्या इतिहासांतूनच निगेचे नियम आपोआप निघतात. धुणें झालें कीं कपडे तत्काळ बाहेर काढावे व दार आणि साबणाचा खण उघडे ठेवावे. परिटाचा दगड जें ऊन घेत असे, त्याच्या जागीं निदान वारा तरी मिळावा. घरांत लहान मूल असेल तर तें आंत शिरणार नाहीं अशी नजर मात्र ठेवावी. दाराच्या रबरी कड्याची घडी उलगडून ती कोरड्या फडक्यानें पुसावी. केंस, नाणीं व काळी बुरशी तेथेंच सांपडते. खण बाहेर ओढून ब्रशानें धुवावा. खालच्या बाजूस असलेली जाळी महिन्यांतून एकदां काढून साफ करावी. मात्र त्यापूर्वीं विजेचा प्रवाह बंद करून आंतील पाणी निवूं द्यावें व खालीं पसरट भांडें ठेवावें. पाणी आंत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशीं बारीक जाळी असते, तींत गाळ अडकतो. साबण बेतानें घालावा. अधिक साबण म्हणजे अधिक स्वच्छता नव्हे, तर अधिक अवशेष होय. महिन्यांतून एकदां रिकामें यंत्र साठ अंश किंवा त्याहून अधिक तापलेल्या पाण्यावर चालवावें. ही यंत्राची भट्टीच समजावी. चुन्याचा थर आम्लानें सुटतो, म्हणून यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत सांगितलें असेल त्या मानानें सायट्रिक आम्ल वापरावें. परंतु आम्ल आणि ब्लीचिंग पावडर हीं एकत्र कधींही येऊं देऊं नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो आणि तो बंद न्हाणीघरांत जिवावर बेततो.

घरांत आजारी मनुष्य किंवा तान्हें मूल असेल तेव्हां हे नियम केवळ टापटिपीचे राहत नाहींत. तान्ह्याचें अंगडें ज्या यंत्रांतून निघतें, त्या यंत्राच्या रबराची घडी आधीं उलगडून पाहिलेली बरी. परिटाला आपला दगड वेगळा धुवावा लागत नसे, कारण नदी आणि सूर्य तें काम त्याच्यासाठीं करीत. बंद पेटींत नदी नाहीं आणि सूर्यही नाहीं. म्हणून त्यांचें काम आतां घरांतील माणसांवर येऊन पडलें आहे. आठवड्यांतून पांच मिनिटें आणि एक कोरडें फडकें, एवढाच त्याचा खर्च आहे.