चायना माल, मिरजेची सतार आणि बारामतीची व्हेस्पा

आपल्याकडे ‘चायना माल’ म्हटलं की निकाल लागला. टॉर्चपासून खेळण्यांपर्यंत साऱ्यांना हा शिक्का बसतो. आता तो इलेक्ट्रिक गिटारवरही बसला आहे. बारामती-इंदापूरची कॉलेजातली पोरं पैसे साठवून एपिफोन किंवा स्क्वायर मागवतात. नाव अमेरिकेचं, आणि डोक्यामागे अनेकदा छापलेलं असतं ‘मेड इन चायना’. मग घरात एकच प्रश्न निघतो: असली की नकली?

उत्तरासाठी एपिफोनचाच प्रवास पाहू. अनास्तासिओस स्तातोपुलो हे ग्रीक कारागीर उस्मानी साम्राज्यातल्या स्मिर्ना शहरात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये, तंतुवाद्यं घडवत. १९०३ साली ते न्यूयॉर्कला गेले. त्यांचा मुलगा एपामिनोंदास याला ‘एपी’ म्हणत. त्यावरून नाव पडलं एपिफोन. १९५७ मध्ये गिब्सनच्या मालकांनी ही कंपनी विकत घेतली. १९७०च्या सुमारास उत्पादन जपानला गेलं, पुढे कोरियात, आणि या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या चिंगदाओ शहरात एपिफोनसाठी गिब्सनने स्वतःचा कारखाना उभारला. म्हणजे आपण जो असलीपणा शोधतो, तो एका मुलखात कधी थांबलाच नाही.

चीनच्या आधी हाच शिक्का जपानवर होता. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकी गिटारच्या हुबेहूब नकला करत. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या कंपनीवर खटला भरला. पण नक्कल करता करता हात बसला होता. १९८२ मध्ये फेंडरनेच जपानमध्ये गिटार बनवून घ्यायला सुरुवात केली. त्या काळातल्या जपानी स्क्वायर आज जाणकार शोधून घेतात.

मग चिनी गिटारचा दर्जा कसा असतो? आधी दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. गिब्सनचं नाव चोरून छापलेली गिटार ही सरळ फसवणूक आहे. कंपनीने दिलेल्या मापात, तिच्या देखरेखीखाली बनलेली गिटार असली आहे. फक्त ती ठरलेल्या किमतीत बसवलेली असते. लाकूड आता संगणकावर चालणारं यंत्र कापतं आणि ते यंत्र देश पाहत नाही. बचत होते ती खुंट्यांत, स्विचमध्ये, पिकअपमध्ये आणि कारागिराच्या शेवटच्या हातात. दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट (सतारवाले त्यांना पडदे म्हणतील), यांची टोकं घासून गोल करायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे मजुरी. त्यात आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, ही टोकं बाहेर डोकावतात आणि बोटाला लागतात. आपण म्हणतो, चायना माल! पण एखादा जाणता कारागीर कानस घेऊन बसला, तर तीच गिटार हातात छान बसते.

या घासण्याशी आपलं जुनं नातं आहे. अरबीत ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणं. त्यावरून सैकलगर आणि मराठीत शिकलगार. मिरजेचे शिकलगार शस्त्रं घडवत, त्यांना धार लावत. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारखे कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा मिरजेत आला आणि तलवारीवर बसलेला हात वाद्यावर बसला. मिरजेच्या मातीत सूर होता असं नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या हुनराने तो तिथे आणला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कारागिरांचं गाव हेच मालाची ग्वाही झालं. चिंगदाओच्या कामगाराचं नशीब उलटं. गिटारवर नाव दुसऱ्याचं, आणि त्याच्या देशाचं नाव वाचलं की गिऱ्हाईक शंका घेतं.

बारामतीकरांना हे दुखणं कळायला हवं. व्हेस्पा स्कूटर १९४६ साली इटलीतल्या पोंतेदेराला जन्मली. साठच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीत बजाजने ती परवान्यावर बनवली. तो करार संपल्यावर चेतक आली. आणि २०१२ पासून पियाज्योची व्हेस्पा आपल्या बारामती एमआयडीसीत बनते आहे. इंदापूर, दौंड, फलटणकडची पोरं अशाच कारखान्यांच्या भरवशावर आयटीआय करतात. उद्या कुणी म्हणालं, “ही कसली व्हेस्पा, हा तर इंडियन माल,” तर त्या पोरांना काय वाटेल? व्हेस्पा कशी चालते ते न पाहताच निकाल दिला, असंच ना! मग चिंगदाओच्या कामगाराला आपण वेगळा न्याय कशासाठी लावायचा?

तेव्हा गिटार घ्यायला पोर दुकानात गेलं तर त्याला एवढंच सांगा: मागे काय छापलंय ते नंतर वाच. आधी दांडीच्या कडेने बोट फिरव, एकेक तार छेड, खुंटी पिळून पाहा, स्विच फिरवून खरखर येते का ऐक. पैसे कुठे वाचवले आहेत, ते तुझ्या बोटाला आणि कानालाच कळेल.