निवडीचे स्वातंत्र्य आणि जबाबदारीचे ओझे

दुसरे महायुद्ध संपून काही महिनेच लोटले असताना, २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, ज्याँ पॉल सार्त्र (१९०५-१९८०) या फ्रेंच तत्त्वज्ञाने पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिले. अस्तित्ववाद माणसाला निराश आणि निष्क्रिय बनवतो, असा आरोप कम्युनिस्ट व कॅथलिक अशा दोन्ही गोटांतून होत होता. त्याला दिलेले हे उत्तर १९४६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

सार्त्रचा मूळ मुद्दा असा : कागद कापण्याची सुरी घडण्यापूर्वीच तिचा उपयोग कारागिराच्या मनात ठरलेला असतो. माणसाचे तसे नाही. त्याला घडवणारा ईश्वर नाही असे मानल्यास त्याचे प्रयोजनही आधी ठरलेले असू शकत नाही. तो प्रथम जगात येतो आणि मग आपल्या कृतींतून स्वतःला घडवतो. अर्थात, सगळेच अस्तित्ववादी निरीश्वरवादी नव्हते. या विचाराचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द (१८१३-१८५५) श्रद्धावान ख्रिस्ती होता. परंतु श्रद्धा हासुद्धा ज्याचा त्याने घ्यायचा निर्णय आहे, असे त्याचे प्रतिपादन होते.

व्याख्यानात सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण दिले. त्याचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता आणि एकाकी आईला त्याचाच आधार उरला होता. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात भरती व्हावे की आईजवळ राहावे, हा त्याचा पेच होता. धर्मवचने दोन्ही बाजूंना लावता येत होती. भावनेचा कौल घ्यावा, तर भावनेची खोली कृतीनंतरच कळते. सल्ला विचारावा, तर सल्लागार निवडतानाच कोणता सल्ला मिळेल याची कल्पना असते. तू स्वतंत्र आहेस, तूच ठरव, एवढेच सार्त्र त्याला सांगू शकला.

हे स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. आपण एक मार्ग निवडतो तेव्हा माणसाने कसे वागावे याचा नमुनाच सर्वांपुढे ठेवतो, अशी सार्त्रची भूमिका होती. निर्णय टाळणे हाही निर्णयच ठरतो. ‘माझा स्वभावच असा’, ‘वरून हुकूम होता’ अशा सबबींमागे दडणे ही त्याच्या मते आत्मवंचना होय. १९४३ च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या ग्रंथात त्याने तिचे सविस्तर विश्लेषण केले आहे.

या मांडणीवर आक्षेपही आले. मॉरिस मेर्लो-पाँती याने १९४५ मध्येच दाखवून दिले, की आपले स्वातंत्र्य देह, सवयी आणि इतिहास यांत रुजलेले असते. सिमॉन द बोव्हार हिने १९४७ मध्ये मांडले, की इतरांच्या स्वातंत्र्यावाचून स्वतःचे स्वातंत्र्य अपुरे आहे. १९४९ च्या ‘द सेकंड सेक्स’मध्ये तिने स्त्रियांवरील सामाजिक बंधनांची चिकित्सा केली. स्वतः सार्त्रनेही पुढे, विशेषतः १९६० च्या ‘क्रिटिक ऑफ डायलेक्टिकल रीझन’मध्ये, परिस्थितीच्या दडपणाला अधिक स्थान दिले. मात्र परिस्थितीने जे आपल्याला बनवले, त्याचे पुढे काय करायचे याची जबाबदारी माणसाचीच, हा आग्रह त्याने अखेरपर्यंत सोडला नाही.