साहेबांवर दावा का लागत नाही

सुरगाण्याकडे कुणी शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता अडवला, की माणूस तहसील कचेरी गाठतो. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. तहसीलदार दोन्ही बाजू ऐकतात, बांधावर पंचनामा होतो, अडथळा काढायचा हुकूम निघतो. मग हरलेला गडी टपरीवर गरजतो, "साहेबावरच दावा टाकतो, भरपाई वसूल करतो!"

टाकता येत नाही. १८५० सालचा अठरावा कायदा आडवा येतो. न्यायाधीश, दंडाधिकारी, कलेक्टर, न्यायदानाचं काम करणारा कुणीही असो. त्या कामात दिलेल्या हुकमाबद्दल त्याच्यावर दिवाणी दावा चालत नाही. प्रकरण त्याच्या अधिकारात नव्हतं असं मागाहून ठरलं तरी नाही. मात्र त्या वेळी 'मला अधिकार आहे' असं त्यानं प्रामाणिकपणे मानलेलं हवं.

याचं मूळ पाटण्यात सापडतं. शाहबाज बेग नावाचा सरदार वारला आणि त्याची विधवा नादिरा बेगम व पुतण्या बहादूर बेग मालमत्तेवरून भांडू लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या पाटणा कौन्सिलनं निवाडा स्वतः करायचा सोडून काझी आणि दोन मुफ्तींच्या गळ्यात मारला. निकालानं दुखावलेली बेगम कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात गेली, आणि तिनं पुतण्याबरोबर या तिघांनाही प्रतिवादी केलं. कौन्सिलला आपला न्यायाधिकार असा दुसऱ्याला देता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. कायद्यानं ते बरोबरच होतं. पण चूक कौन्सिलची आणि बेड्या काझीला! १७७९ साली तीन लाख रुपयांची भरपाई लागली. एवढा पैसा आणायचा कुठून? म्हाताऱ्या काझीनं कलकत्त्याला नेताना वाटेतच प्राण सोडला. ब्रिटिश संसदेनं १७८१ साली कायदा करून बाकीच्यांना सोडवलं आणि कंपनीच्या मुलखातल्या न्यायाधिकाऱ्यांना सुप्रीम कोर्टातल्या अशा दाव्यांपासून अभय दिलं. १८५० च्या कायद्यानं तेच अभय सगळ्यांसाठी नीट मांडलं.

न्यायाधीशाचा बाणा म्हटलं की आपण पेशवाईतल्या रामशास्त्र्यांचं नाव घेतो, पण त्यांना असलं कुठलंच कलम राखत नव्हतं. आणि कलम असलं तरी ते वादीपासून राखतं, सरकारपासून नव्हे. पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करा, असा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं काढला; गव्हर्नर माल्कमनं तो बजावू दिला नाही. निषेध म्हणून न्यायमूर्ती ग्रँट यांनी १८२९ च्या एप्रिलात कोर्टच बंद ठेवलं. पुढे प्रिव्ही कौन्सिलनं कौल दिला तो सरकारच्या बाजूनं.

तहसीलदारांची गंमत अशी, की खुर्ची एक आणि टोप्या दोन. सकाळी रस्त्याचा निवाडा, दुपारी बंदोबस्त. संरक्षण फक्त पहिल्या टोपीला. आसामातल्या एका उपविभागीय अधिकाऱ्यानं एकाला अटक करवली आणि मग याच कायद्याचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ साली तो नाकारला, कारण ती अटक निवाड्याचा भाग नव्हती, प्रशासकीय होती.

राहिला टपरीवरचा गडी. कलम ५ च्या हुकमावर अपीलही नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण मात्र मागता येतं, आणि त्यांनी अधिकार सोपवलेले असतील तर प्रांतांकडे. तिथे हुकूम फिरू शकतो. साहेबांच्या खिशातून मात्र काही निघत नाही.