मांडवीचे उंदीर आणि आमची मनी



गेल्या वर्षी चातुर्मास लागला आणि आमच्या मनीला पिसवा झाल्या. माझ्या घोट्याभोवती लाल पुरळ उठलं, तेव्हा कळलं. सासूबाई म्हणाल्या, "औषध घालायचं नाही हं, निदान चार महिने." लेक म्हणाली, "मग मनीनं खाजवतच बसायचं का?" मधे मी. पिसू म्हणजे त्रींद्रिय जीव, मनी पंचेंद्रिय. दोघींचं खरं.

हा पेच मुंबईला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. आपले कच्छी-गुजराती जैन व्यापारी तिथे पुष्कळ. माणसांआधी उंदीर मरत होते, पण रोग पसरतो कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. गटारांत कार्बोलिक ओतलं, लोकांचं सामान जाळलं. लाखो माणसं शहर सोडून गेली. पुढे उंदीर मारण्याची मोहीम निघाली, तेव्हा जैनांनी आणि इतरांनीही विरोध केला. सरकारला ती अंधश्रद्धा वाटली.

उत्तर मिळालं ते कराचीत. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं प्लेगचा उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या काढून त्यात सोडल्या (मांजराच्याच बरं का!). मग जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर आत ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी दुसरा प्लेगनंच मेला. सिमाँवर बरीच वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेग कमिशननं आपल्या परळच्या प्रयोगशाळेत, आजच्या हाफकिनमध्ये, ते पुन्हा तपासलं. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगना प्लेग झाला, दोन फूट उंच टांगलेले वाचले. पिसवांची उडी तिथवर पोचत नव्हती.

उंदराचं अंग थंड पडलं की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. म्हणजे नुसते उंदीर मारले तर पिसवा आपल्याच अंगावर. विरोध करणारे अगदीच चुकले नव्हते. पण पूर्ण बरोबरही नव्हते, कारण उंदीर मारू नका म्हणताना धान्य त्यांच्या तोंडाशीच राहिलं. माझी सांगलीकडची आजी सांगायची, उंदीर पडायला लागले की गाव रिकामं व्हायचं, रानात झोपड्या पडायच्या. हे शहाणपण खेड्यांतून होतं.

मनीच्या पिसवा वेगळ्या जातीच्या, प्लेगची भीती नव्हती. पण डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी गप्पच झाले. अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या, कोश सगळे गोधडीत आणि फरशीच्या फटीत. एक मादी दिवसाला चाळीसपर्यंत अंडी घालते आणि कोशातली पिसू महिनोन् महिने वाट पाहू शकते. म्हणजे मी चार महिने थांबले असते, तर शेवटी कितीतरी जास्त जीव गेले असते.

औषध घातलं. त्या रात्री प्रतिक्रमणात आलोचनाही केली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

जीव झाल्यावर मारण्यापेक्षा होऊच द्यायचे नाहीत, हे आपल्याला पाणी गाळताना, धान्य निवडताना शिकवलेलंच आहे. मनीला ते लावायचं राहून गेलं होतं. आता तिची गोधडी दर आठवड्याला धुऊन उन्हात पडते, सोफ्याखालून रोज केर निघतो, बारीक दातांच्या फणीनं तिचं अंग विंचरते. महिन्याचे थेंब डॉक्टर देतात तेच. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही घालू नका, त्यातलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

यंदा ज्येष्ठातच सासूबाईंनी स्वतः गोधडी गॅलरीत टाकली. वर मला म्हणाल्या, "आणि तो तांदळाचा डबा उघडा का ठेवलायस?"