फैर : एका इंग्रजी शब्दाची कथा

‘तोफांच्या फैरी झडल्या’, ‘प्रश्नांच्या फैरी झाडल्या’ असें मराठी माणूस सहज बोलून जातो. हा घरगुती वाटणारा स्त्रीलिंगी शब्द इंग्रजी ‘फायर’चें रूपांतर आहे, हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांस नवल वाटेल.

इंग्रजींत चुलींतला विस्तव आणि बंदुकीची गोळी यांना एकच शब्द कां, याचें कारण जुन्या शस्त्रांत सांपडतें. पूर्वीं तोफेच्या कानांत रंजक भरून तिला जळती बत्ती लावावी लागे. बंदुकीसही पेटता तोडा लागे. तेव्हां ‘विस्तव द्या’ हाच गोलंदाजास हुकूम. पुढें चकमकीच्या बंदुका आल्या, तोडा गेला. पण हुकूम राहिला. मराठींतील ‘तोफेला बत्ती देणें’ हा प्रयोग याच रीतीचा होय.

परका शब्द घेतांना मराठीनें मात्र निवड केली. आग, विस्तव, जाळ, निखारा, वणवा अशी संपत्ति घरांत असतां ज्वाळेसाठीं उसनवारीची तिला गरज नव्हती. वाफेचीं यंत्रें आलीं तेव्हां तिनें त्यांस आगगाडी, आगबोट अशीं नांवें दिलीं. आग विझविणारा बंब तेवढा पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’पासून, म्हणजे पाणी उपसण्याच्या पंपापासून आला. वाक्प्रचारांतही तिचा बाणा निराळा : इंग्रज कढईंतून विस्तवांत पडतो, मराठी माणूस आगींतून फुफाट्यांत. ‘फायर’मधून तिनें गोळ्यांचा मारा तेवढा उचलला.

हे दोन अर्थ किती दूरचे आहेत, हें नंदुरबार जिल्ह्यांत स्पष्ट दिसतें. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी या गांवीं राजवाडी होळी पेटते आणि सातपुड्यांतील आदिवासी बांधव तिच्याभोंवतीं नाचतात. तो विस्तव माणसें एकत्र आणणारा. नंदुरबार शहरानें दुसरा अर्थ अनुभवला. तें शहर तेव्हां पश्चिम खानदेशांत होतें. ‘चले जाव’ची घोषणा होऊन महिना झाला होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं विद्यार्थ्यांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली आणि पोलिसांनीं तिच्यावर गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, तसेच लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पांच जण हुतात्मे झाले. परक्या सत्तेचा हा शब्द तेथें शाळकरी मुलांच्या छातीवर आला.

आज सभागृहांत प्रश्नांच्या फैरी झडतात आणि कोणास इजा होत नाहीं. शब्द सौम्य झाला, हें भाषेचें आरोग्यच म्हणावें. तथापि तो उच्चारतांना त्या पांच नांवांची आठवण ठेवणें, हें बोलणाराचें कर्तव्य आहे.